पुसलेला श्वास

कपाट आवरताना जुन्या कॅसेटचा वास आला आणि मी मनानं परभणीतल्या माझ्या मित्राच्या, महालिंगच्या खोलीत पोचलो. त्याच्या वारलेल्या वडिलांची भजनं आम्ही कॉम्प्युटरवर उतरवली होती. उतरवून होताहोता टेप तुटलीच. मग ती भजनं इंटरनेटवर टाकायची की नाही, यावर वाद झाला.

"कॉपीराइटचं काय?" मी म्हणालो.

"बाप माझा हाय गड्या, कायद्याला काय इचारायचं?"

खरखर काढणारा प्रोग्राम मी लिहिला होता. खरखरीबरोबर दोन ओळींमधला वडिलांचा श्वासही गेला.

"मूळ फाईल ठेवलीस न्हवं?"

"ठेवली की."

खोटं बोललो. नवी फाईल तिच्यावरच चढून मूळ पुसली गेली होती.

महालिंग अजून म्हणतो, "आवाज लय साफ केलास." मी मात्र दर ओळीनंतर तो श्वास शोधतो. आज हे सगळं लिहून पहिल्यांदा त्यालाच पाठवतोय.