रिबिनीशिवाय जायचं नाही

चर्चमध्ये सगळे तिला भिंगरी म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचा, बाळंतिणीला डबा पोचवायचा, कुणा नवरा-बायकोचं वाजलं तर मध्ये पडायचं. तिला दोन घास निवांत बसून खाताना कुणी पाहिलं असेल तर त्याने हात वर करावा! नवरा म्हणायचा, "अगं, देवानंसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला." ती म्हणायची, "त्याला मुलांचा वर्ग नव्हता."

वर्गात तिचा एक नियम होता, काळ्या दगडावरची रेघ. मूल आलं की त्याच्या मनगटाला रंगीत रिबीन बांधायची आणि त्याच रंगाचा तुकडा आणणाऱ्याच्या हातात द्यायचा. वर्ग सुटला की आईबापांनी उंबऱ्याबाहेरून तुकडा दाखवायचा, मगच मूल जागचं उठणार. खुद्द चर्चच्या पाळकांच्या नातवालाही तिनं एकदा अडवलं होतं. त्यांच्या पत्नी, पाळकबाई, आठवडाभर फुगून बसल्या होत्या.

रिबीन नसायची ती फक्त तिच्या स्वतःच्या लेकीला. तिला कशाला हवी? ती काय, मागेमागे असायचीच. वर्गात तिनंही आईला बाईच म्हणायचं, नाहीतर लोक म्हणायचे, पोरीचे लाड करते. बक्षिसं वाटताना तिचा नंबर शेवटचा, आणि बहुतेक वेळा तोवर बक्षिसं संपलेली असायची.

हल्ली पोर बोलेनाशी झाली होती. काय झालं विचारलं तर "काही नाही." आज तिला जवळ घेऊन बसायचंच, असं भिंगरी ठरवायची, तेवढ्यात कुणाचा तरी फोन यायचा आणि ते राहून जायचं.

त्या रविवारी तर तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दोन गल्ल्या पलीकडच्या सभागृहात बऱ्याच चर्चचे पुढारी जमले होते, आणि मुलं नि कुटुंबं कशी सांभाळावीत याचे चार धडे हिनं त्यांना द्यायचे होते. तिनं मुलं भराभर सोडली, पिशवी खांद्याला मारली, "चल गं!" म्हणून ओरडली आणि सुटली. वाटभर ओठांतल्या ओठांत भाषण चाललेलं, "एकही लेकरू आपल्या हातून सुटता कामा नये."

सभागृहाच्या दारात पाळकबाई उभ्या होत्या. "एकट्याच? लेक कुठाय?"

ती वळली. मागं कुणी नव्हतं.

अरे देवा! आल्या पावली ती धावत सुटली. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकली. एक गाडीवाला कचकन ब्रेक मारून ओरडला, तिला ऐकूही आलं नाही. रस्त्यातल्या प्रत्येक पोरीचं तोंड बघत पळताना ती स्वतःलाच शिव्या घालत होती. गावभर उजेड पाडत फिरतेस आणि दिव्याखाली हा अंधार! पोर रस्त्यावर आली असली तर? कुणाबरोबर गेली असली तर?

चर्चचा म्हातारा राखणदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर्गाबाहेर उभा होता.

"एक राहिलंय बाई," तो म्हणाला. "म्हटलं, चल घरी सोडतो. तर ऐकेना. म्हणते, रिबिनीशिवाय जायचं नाही."

आत लेक चटईवर आपल्या जागी ताठ बसली होती. मनगटाला हिरवी रिबीन, एका हातानं बांधलेली, वेडीवाकडी. भिंगरी आत धावणार, तोच पोर ओरडली, "बाहेरून! तुकडा दाखव."

"माझ्याकडे कुठला तुकडा, बाळा?"

"पिशवीत. मी दर रविवारी टाकते."

भिंगरीनं उंबऱ्यावर पिशवी उपडी केली. किल्ल्या, गोळ्या, चुरगळलेले रुमाल, आणि तळातून रिबिनींचे तुकडे. लाल, पिवळे, जांभळे, काही मळून रंग गेलेले. तिला हुंदका आवरेना. त्यातून हिरवा शोधून तिनं पुढं धरला.

लेक उठली, दाराशी आली, मनगट तुकड्याला लावून रंग नीट जुळवून पाहिला. फोन केव्हाचा वाजत होता. भिंगरीनं तो उचलला. पाळक होते. "अहो बाई, लोक खोळंबलेत!"

"त्यांना जेवायला सोडा," ती म्हणाली. "मला काही येत नाही त्यातलं." आणि फोन बंद करून ती तिथंच उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

"उशीर केलास, आई," लेक म्हणाली, आणि तिच्या मांडीत येऊन बसली.