घोषणा बाहेरची होती

त्या निवडणुकीत आमच्या पिंपळवंडीपासून पार डोंगरातल्या वाड्यांपर्यंत जो आवाज फिरला, तो माझा होता. ‘माझं आयुष्य, माझा निर्णय! कोण आम्हाला अडवणार?’ जुन्नरला एका खोलीत, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून मी ते सात-आठ वेळा बोलले, तेव्हा कुठं रेकॉर्डिंगवाला हो म्हणाला. शब्द भाऊंच्या माणसांनी लिहिलेले. भाऊ म्हणजे आमच्याकडचे उमेदवार. लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणतात. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती, म्हणून त्यांनी मला बोलावलं. भोंगा लावलेला टेम्पो गावातून गेला की वडील टोमॅटोचे क्रेट भरता भरता शेजाऱ्यांना सांगायचे, “आमची पोरगी हाये ती!”

भाऊ निवडून आले. दिवाळीनंतर मी घरात सांगितलं, मला लग्न करायचंय आणि मुलगा मीच पाहिलाय. घोडेगावात त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान, घरची डोंगरात थोडी भातशेती. वडील दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. आमच्याकडं आज्यापर्यंत मेंढरं होती, मग शेती आली. सगळं बदललं, पण सोयरीक जातीबाहेर कधी गेली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाऊंनाच घरी आणलं. म्हणाले, “ही तुमचं ऐकती.”

मला बरं वाटलं, हे सांगायची आज लाज वाटते. वाटलं, भाऊ आलेत म्हणजे माझ्या बाजूनं चार शब्द बोलतील.

आईनं दिलेला चहा पिऊन त्यांनी तोंड पुसलं. “ताई, शिकलीसवरलेली तू. बापाची मान खाली जाईल असं कायतरी करू नको.”

“भाऊ, माझं आयुष्य, माझा निर्णय, हे तुम्हीच माझ्या तोंडून वदवून घेतलंत ना?”

ते हसले. वडिलांकडं बघत, मांडीवर थाप मारून हसले. “अगं, ती घोषणा व्हती! बाहेर द्यायची. घरात चालवायची नसती.”

वडीलही हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले, ते माझ्यावर.

माझे कान तापले. मी म्हणाले, “मग भोंग्यावरून तेवढंही सांगायचं होतं. बायकांनो, हे तुमच्यासाठी न्हाई, फक्त ऐका आन् मत द्या!”

“भाऊंशी बोलायची ही रीत व्हय?” वडील ओरडले. भाऊंनी हातानंच त्यांना थांबवलं, समजूतदार माणूस थांबवतो तसं. आणि ते जायला उठले तेव्हा मी, सवयीनं, वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांच्यावरचा राग एक वेळ उतरेल. त्या वाकण्याचा अजून उतरलेला नाही.

आठवड्यानं सकाळच्या एसटीनं मी घर सोडलं. अंगावरचे कपडे आणि शाळा-कॉलेजचे दाखले, एवढंच घेतलं. महिनाभर एका मैत्रिणीकडं राहिले, मग नोंदणी करून लग्न केलं. माहेरचं कुणी आलं नाही. प्रचाराच्या सभांत माझ्या शेजारी बसून घोषणा देणाऱ्या दोघींनी फोन उचलणं बंद केलं.

आता घोडेगावात आमचं बरं चाललंय. मी दुकानात बसते, बिघडलेल्या मोटारी उतरवून घेते. वडील बोलत नाहीत. आई मात्र वर्षातून दोन-तीनदा येते, लेण्याद्रीला जाते असं घरी सांगून. मागच्या खेपेला आली तेव्हा मी चिडून म्हणाले, “या वयात लेकीकडं यायला देवाचं नाव कशाला पुढं करतीस? सांग की सरळ.”

“देवाला न्हाई राग येत,” ती म्हणाली आणि पिशवीतनं मेथीची जुडी काढून निवडायला बसली.

तिलाही येत नाही. तिच्या वाटचा मलाच येतो. त्या दिवशी मी तिला पिंपळवंडीच्या गाडीत बसवून दिलं आणि परत येऊन गिऱ्हाइकावर उगाचच खेकसले.