गप्प बसवलेली मुलगी

सोनईकडच्या आमच्या झेडपीच्या शाळेत मी गणित शिकवायचे. गावातली निम्मी पोरं टाय लावून पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जायला लागली, तसा आमचा पट घसरला. उरलेले पालक म्हणाले, "बाई, सेमी करा, न्हाईतर आमीबी पोरं काढतो." केलं सेमी. गणित इंग्रजीतून! माझं स्वतःचं शिक्षण सगळं मराठीतलं. घरी गाईड पाठ करायचं आणि वर्गात येऊन ओकायचं. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

सातवीत एक मुलगी होती. कांदा पिकवणाऱ्या घरातली, भारी बडबडी. पाचवीत असताना तिनं भर वर्गात मला ऐकवलं होतं, "बाई, तुमचं उत्तर हुकलंय." आणि खरंच हुकलं होतं! रागवायचं सोडून मी हसतच सुटले. सेमी झाल्यावर मात्र नियम मीच काढला, गणिताच्या तासाला मराठी बंद.

मग तपासणीला साहेब यायचे ठरले. मी महिनाभर इंग्रजी सूत्रं घोकून घेतली. पाठांतरात पक्की चार पोरं पुढच्या बाकावर बसवली. तिचं इंग्रजी कच्चं, म्हणून तिला मागं बसवलं.

साहेबांनी इंग्रजीतून विचारलं, शेताची लांबी दुप्पट केली आणि रुंदी निम्मी केली, तर क्षेत्रफळाचं काय होईल? पुढच्या पोरांनी घडाघडा सूत्र म्हटलं. साहेबांनी तोच प्रश्न मराठीत विचारला. पोरांनी पुन्हा तेच सूत्र म्हटलं. मागं तिचा हात वर गेला. ही आता मराठीत बोलणार आणि आमचं सेमी उघडं पडणार, या भीतीनं मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं हात खाली घेतला.

साहेब गेल्यावर ती जवळ आली. "बाई, तेवढंच राहतं ना? वाफा लांबवला नि अरुंद केला, तरी रोपं तेवढीच बसत्यात."

"इंग्रजीत सांगता येत असेल तर बोलायचं," मी खेकसले. देवा, काय बोलून गेले मी! ती "व्हय बाई" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर वर्षभर तिनं हात वर केला नाही. मीही तिला काही विचारलं नाही.

मे महिन्यात तिची आई दाखला न्यायला आली. मुलगी दारातच थांबली होती.

"हायस्कूलला कुठं घालताय?" मी विचारलं.

"कुठंच न्हाई. तीच म्हनती, मला गणितातलं काईच येत न्हाई, शाळा नको. खरं हाय का वो बाई? तुमी शिकवलंय तिला."

नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "जरा अवघडच जातं तिला."

दारातून मुलगी माझ्याकडं बघत होती. आईनं दाखला पिशवीत घातला आणि दोघी निघून गेल्या.