नऊ इंच वाकडी भिंत

सुतारकामात हयात गेली, पण जाणूनबुजून वाकडी अशी मी एकच भिंत उभी केली. डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला, एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीत. एका नर्सबाईंच्या दुसऱ्या कॅसेटसाठी.

बाई कल्याणच्या एका इस्पितळात होत्या. ख्रिस्ती. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, मीपण. आमच्या हिचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्युटी संपल्यावरही त्या पलंगाशी बसायच्या, हिचा हात हातात घेऊन काहीतरी गुणगुणायच्या. हिला गोळीने झोप येत नसे, त्या गुणगुणण्याने यायची. त्यांची पहिली कॅसेट तेव्हा नुकतीच निघालेली. पेटी-तबल्यावरची, चर्चमध्ये म्हणतात तसली संथ गाणी. घरी आल्यावर हिने ती वाजवून वाजवून झिजवली.

दुसरी कॅसेट वेगळी व्हायची होती. गाणी येशूचीच, मराठीतच, पण गिटार, ड्रम, कीबोर्डवर. चर्चमधली जुनी मंडळी नाराज होती. एक म्हातारबुवा म्हणालेले, "आता काय वरातीत नाचायचं का आम्ही?" सिस्टर म्हणाल्या, "नाचा की काका. देव काय नाचणाऱ्यावर रागावतो?"

चाली सगळ्या त्यांच्या धाकट्या भावाच्या. गिटारही तोच वाजवायचा. आणि त्याचा गल्फचा व्हिसा आलेला, नऊ दिवसांनी विमान. म्हणजे जे काय व्हायचं ते या नऊ दिवसांत. तो गेला की कॅसेट गेली. सिस्टरनी त्यासाठी वर्षभराची रजा साठवून ठेवलेली.

रेकॉर्डिंग करणारा होता एक इंजिनियर झालेला तरुण. त्याने आपल्याच घराची मागची खोली स्टुडिओसाठी काढलेली. सिस्टरनीच माझं नाव सांगितलं. खोलीत मधे प्लायची एक भिंत घालून गाण्याची जागा वेगळी करायची होती. त्याने खडूने जमिनीवर रेघ मारली आणि म्हणाला, "मेस्त्री, भिंत या रेघेवर घ्या."

मी म्हटलं, "रेघ तिरकी आलीय तुमची. त्या टोकाला नऊ इंच आत गेलीय."

"तिरकीच पाहिजे. भिंती अगदी समोरासमोर असल्या ना, की आवाज त्यांच्यात चेंडूसारखा आपटत राहतो."

मी मान हलवली. मनात म्हटलं, ह्याला रेघ मारता येत नाही आणि आता सावरून घेतोय.

तो दोन दिवस मशिनं आणायला गेला. मी एकटाच. कोपऱ्यात गुण्या लावला. गुण्या म्हणजे आमचं काटकोन बघायचं हत्यार, माझ्या बापाच्या हातचं. ते टेकवलं आणि त्या रेघेवर हात चालेना. मी चौथी शिकलेला माणूस, कागदावर माझी सही वाकडी येते. पण माझी चौकट कधी वाकडी आली नाही. उद्या कोणी ही भिंत बघितली तर नाव इंजिनियरचं जाणार नव्हतं, माझं जाणार होतं. मी भिंत सरळ घेतली. अशी सरळ, की कोपऱ्यात गुण्या लावला तर केसभर फट दिसू नये. वर शाबासकीची वाट बघत बसलो.

मशिनं आली, जोडणीच्या गडबडीत आणखी दिवस गेले, भिंतीकडे कोणी बघितलं नाही. विमानाला चार दिवस राहिले तेव्हा सिस्टर गायला उभ्या राहिल्या. दोन ओळी झाल्या आणि इंजिनियरने हात वर केला. आत जाऊन त्याने एक टाळी वाजवली. टाळीमागे टर्रर्र असा आवाज आला, पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा. त्याने खाली बघितलं. खडूची रेघ तशीच होती, भिंत तिला सोडून उभी.

"मेस्त्री, भिंत सरळ केलीत?"

"भिंत सरळच असते."

"अहो, मी काय सांगितलेलं?"

"तुम्ही सांगाल उद्या टेबलाला तीन पाय लावा. लावू?"

भाऊ गिटार खाली ठेवून म्हणाला, "ताई, राहू दे. नशिबात नाही."

 सिस्टरनी एक मोठा हेडफोन माझ्या कानांवर चढवला, मला बाहेर मशिनपाशी बसवलं आणि आत गेल्या. गायल्या. प्रत्येक शब्दाला मागे एक शेपूट येत होतं, ठण् ठण् करत. घासलेल्या हंड्यात तोंड घालून गावं तसं. मी इतकी वर्षं भिंती ठोकल्या, माझी भिंत मला पहिल्यांदा ऐकू आली.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "काका, खरं सांगा. माझा आवाज खराब आहे की भिंत?"

मी खोटं बोललो असतो तर त्यांनी मानलंही असतं. ते तोंड बघून माझ्याने होईना.

"भिंत," मी म्हटलं.

गुण्या पिशवीत घातला. जेवायला गेलो नाही. अख्खी भिंत उतरवली, खिळे सरळ करून परत वापरले, आणि खडूच्या रेघेवर, वाकडं बघत, वाकडं ठोकत संध्याकाळपर्यंत उभी केली. 

दुसऱ्या सकाळी सगळ्यांनी हात जोडून प्रार्थना केली. मी टोपी काढून दाराशी उभा. सिस्टरनी मला पुन्हा हेडफोन दिला.

काय सांगू? आवाजाच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. खोली नव्हती, भिंत नव्हती, मी नव्हतो. गाण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास ऐकू आला, ओठ उघडल्याचा आवाज आला. मग गिटार, मग ड्रम, आणि त्यात त्या देवाला म्हणत होत्या, मी दमलेय, तू हात सोडू नकोस. पलंगाशी बसून हिच्यासाठी गुणगुणायच्या ती हीच चाल!  मी गणपतीचा माणूस, पण त्या वेळी कोणाचा देव ते सुचलं नाही. हात आपोआप जोडले गेले. इंजिनियर मशिनवरून माझ्याकडे बघून हसला, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

तीन दिवसांत दहा गाणी झाली. चौथ्या दिवशी भाऊ विमानात बसला. नाताळात सिस्टर कॅसेट आणि करंज्या घेऊन घरी आल्या.

नंतर एकदा माझ्याच गावचा एक सुतार त्या खोलीत दार बसवायला गेलेला. बाजारात चारचौघांत मला म्हणाला, "मेस्त्री, डोळे गेले काय? काय ती भिंत!"

मी त्याला हाताला धरून तिथे नेला, इंजिनियरला सांगून आत उभा केला. "वाजव टाळी."

त्याने वाजवली. टाळी झाली आणि संपली, मागे काही नाही. त्याने पुन्हा वाजवली. मग भिंतीला गुण्या लावून बघितला, मधे फट पडली, ती बोटाने मोजत राहिला.

"कोणी शिकवलं हे तुला?" त्याने विचारलं.

"एका बाईंनी," मी म्हटलं.