भावजींच्या काठ्या

माझे धाकटे दीर पाखरांची राखण करतात. हे ऐकलं की माणूस आधी हसतो. पिकाची पाखरांपासून राखण करतात हे सगळ्यांना ठाऊक, पाखरांचीच राखण कुणी ऐकलेली नसते.

तरुणपणी भावजी नाव चालवायचे. समुद्राला मिळायच्या आधी नदी फाटते आणि चिखलातून वाट मिळेल तिकडे पसरते, तिथं माणसांना या काठावरून त्या काठावर न्यायचे. पूल झाला तशी नाव अंगणात उलटी पडली. तिच्यावर मी गाद्या वाळत घालते. लग्नाचं काही जमलं नाही. माणूस ताडमाड, त्यात पायच सगळे. "भावजी, तुमचे पाय आधी घरात येतात, तुम्ही मागून," असं मी म्हणायचे. "म्हणून तर मुलींना पळायला वेळ मिळाला, वहिनी!" मागच्या खोलीत राहतात, जेवायला माझ्याकडे असतात आणि मीठ कमी पडलं की न बोलता डब्याकडे बघतात.

पूल झाल्यावर सरकारी खात्याच्या एका बाईंनी त्यांना राखणीवर घेतलं. राखायचे शेकाटे. कबुतराएवढं अंग, काळे पंख, पांढरं पोट, आणि खाली काडीसारखे लांब गुलाबी पाय. भावजींना ही नोकरी मिळाल्यावर गावानं काय नाव ठेवलं असेल ते सांगायला नको. ही पाखरं पाण्यात उभं राहून किडे टिपतात. बाकी शहाणे असतील, पण अंडी घालायची अक्कल नाही. उघड्या चिखलावर चार काटक्या गोळा करायच्या की झालं घर. अंडी चिखलाच्याच रंगाची. पायाखाली फुटेपर्यंत दिसत नाहीत.

पूर्वी थवेच्या थवे यायचे. मग नदीचं पाणी वर अडवलं, खाली चिखल सुकून भेगाळला, उरलेल्यावर कोळंबीचे तलाव झाले. शेकाट्यांना एक तुकडा राहिला, आणि तिथंच खेकडे पकडणाऱ्या बाया यायच्या. त्या तरी काय करणार? त्यांचंही पोट त्याच चिखलात.

भावजींनी डोकं लढवलं. प्रत्येक घरट्याशेजारी एक काठी रोवायची, काठीला लाल चिंधी. माझी जुनी चादर त्यांनी टराटरा फाडली. बायांना सांगितलं, "चिंधी दिसली की वळसा घाला." त्यातली एक जाडजूड बाई होती, ती म्हणाली, "आणि आम्हाला कुणी चिंधी लावणार का, भाऊ? आमच्याही अंगावरून लोक जातात." पण वळसा घातला सगळ्यांनी. त्या साली पिल्लं झाली. कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी चिखलभर पळत होती. खात्याच्या बाईंनी भावजींच्या पाठीवर थाप मारली. महिनाभर भावजींनी मिठाच्या डब्याकडे बघितलं नाही.

पुढच्या साली काठ्या रोवल्या आणि अंडी जायला लागली. पावलं नाहीत, कुत्रं नाही. भावजी सबंध दिवस बांधाआड बसून राहिले. दुपारी एक कावळा आला. उडत नाही, चालत आला. पोस्टमन दारोदार जातो तसा या काठीपासून त्या काठीपाशी गेला. प्रत्येक काठीपाशी वाकला.

त्या दिवशी भावजी जेवले नाहीत. "वहिनी, मीच पाटी लावली," म्हणाले. "इथं जेवण मिळेल म्हणून."

"तुम्हाला काय माहीत कावळ्याला वाचता येतं ते," मी म्हणाले. एरवी हसले असते.

काठ्या उपटल्या. मग अंडी बायांच्या पायाखाली गेली. स्वतः घरट्याजवळ उभे राहिले, तर कावळे त्यांच्यावरच लक्ष ठेवायला लागले. ते जिकडे बघतील तिकडे कावळा बघणार. खात्याच्या बाईंनाही उपाय सुचेना. जाळी लावावी तर तिच्याच खांबावर कावळे बसायचे.

असं करत करत एक जोडी उरली. तलावाच्या पलीकडच्या बांधाखाली त्यांनी अंडी घातली. खात्याच्या बाई घरी आल्या, चहाचा कप हातात धरून म्हणाल्या, "काका, एक सांगते, राग मानू नका. तुम्ही तिकडे जाऊ नका. बघूही नका."

"राखणदारानं बघायचं नाही?"

"तुम्हीच त्यांची काठी झालात, काका."

भावजींनी ते मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उलट्या बाजूला, जिथं काहीच नाही अशा कोरड्या चिखलावर काठ्या रोवल्या, चिंध्या बांधल्या आणि त्यांच्यामध्ये जाऊन बसले. घरट्याकडे पाठ. कावळे आले, काठी-काठी हिंडले, रिकाम्या जागेला चोच मारून बघत राहिले. भावजी उन्हात बसून खोट्या अंड्यांची राखण करत होते. मी डबा घेऊन गेले की म्हणायचे, "तिकडं बघू नका हं, वहिनी." मीही मान वाकडी करून डबा द्यायचे.

दिवस भरले तशा बाई एकट्याच जाऊन बघून आल्या. घरटं रिकामं होतं. टरफल नाही, पीस नाही. पिल्लं निघाली की लगेच चालायला लागतात, तशी गेली असतील. नाहीतर कुणी नेली असतील. "सांगता येत नाही, काका." खोटं बोलणाऱ्यातल्या त्या नाहीत, हाच त्यांचा दोष.

यंदाचाही हंगाम आला. भावजी पुन्हा त्याच कोरड्या जागी, त्याच दिशेला पाठ करून बसतात. पगार थांबला. कावळे आता काठ्यांकडे फिरकतही नाहीत, त्यांना हा धंदा तोट्याचा असल्याचं कळलं. भावजींना नाही.

परवा मी न राहवून म्हणाले, "एकदा मान वळवून बघा तरी. काय ते कळेल."

"घरटं असलं तर कावळ्याला कळेल, वहिनी. नसलं तर मला."

मी मान वळवली. पलीकडचा बांध रुंद केलाय. खाली होता तो चिखल नवीन मातीखाली गेला, वर यंत्राच्या चाकांच्या खुणा, आणि पाण्यावर कुठेही गुलाबी पाय नाही.

"काय दिसलं?" भावजींनी समोर बघतच विचारलं.

"ऊन आहे हो डोळ्यावर," मी म्हणाले आणि डबा उघडून दिला.