सूर्यपेटीवरच्या कुरडया

सूर्याची वीज पेटीत भरून ठेवणारा आमच्या गावातला पहिला माणूस मी. दुसरा अजून झालेला नाही, यातच सगळं आलं.

सत्तरच्या दशकात बी.एस्सी. होऊन मी घरी बसलो होतो. (सांगलीजवळच्या आमच्या गावात याला 'पोरगं शिकलंय' म्हणत. काय करतंय, हे सभ्य माणसं विचारत नसत!) माधवनगरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मी जुन्या रेडिओंमधले डबीसारखे ट्रान्झिस्टर आणले आणि त्यांची पत्र्याची टोपणं करवतीनं कापली. आतल्या तुकड्यावर ऊन पडलं की चिमूटभर वीज मिळते, असं कुठंतरी वाचलं होतं. असे ढीगभर तुकडे जोडून लाकडी पेटीत बसवले. वर काच, आत बॅटरी, बाजूला कडी. कुठंही न्या, रेडिओ लावा!

"ह्येच्यात ठिवायचं काय?" आईनं विचारलं.

"ऊन."

"अंगणात कमी पडलं व्हय रं?"

त्याच वैशाखात पलूसचे एक निवृत्त सुभेदार त्यांच्या मुलीसाठी मला बघायला येणार होते. मुलगी मी एका लग्नात लांबून पाहिली होती आणि मनापासून आवडली होती. हे स्थळ गेलं तर मी जन्मभर 'शिकलेलं पोरगं'च राहणार! म्हणून ठरवलं, सुभेदारांपुढं उन्हावर रेडिओ वाजवायचा. सकाळीच पेटी अंगणात ठेवली आणि पाहुण्यांना आणायला एसटीच्या थांब्यावर गेलो.

पाहुण्यांचा चहा घशाखाली उतरतोय तोच मी म्हणालो, "मामा, जरा भाईर चला. एक शोध दावतो."

भर दुपारी सगळ्यांना अंगणात उभं करून मी त्यांना घाम फुटेपर्यंत विज्ञान सांगितलं. मग ऐटीत पेटीवरचं धोतर दूर केलं. (धोतर मी टाकलंच नव्हतं, हे तेव्हा तरी सुचायला हवं होतं!)

काचेवर कुरडया! गोल, पांढऱ्याशुभ्र, ओळीनं.

"आई!"

"वराडू नगंस. बाजंवर जागा सपली. काच लय तापली हुती, म्हनून घातल्या."

मी पेटीला रेडिओ जोडून बटण फिरवलं. रेडिओनं हूं की चूं केलं नाही. मी घाईघाईनं कुरडया खरवडायला लागलो.

"हात तर लाव!" आईनं माझं मनगट धरलं. "वर्साचं वाळवण हाय!"

त्या ओढाताणीत पेटी कलंडली. काच वाचली, पण बुडाची फळी निघून बॅटरी आणि माझं सगळं विज्ञान तारांसकट अंगणात लोंबायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुभेदारांनी एक कुरडई उचलली, मोडून पाहिली. कडकन मोडली.

"आज सकाळी घातल्याली, अन् दुपारीच वाळली?"

"व्हय," आई म्हणाली.

सुभेदार माझ्या वडिलांकडं वळले. "पोराचा काय उपेग न्हाई, त्ये कळलं. पर वैनी बिनकामाची वस्तू बी कामाला लावत्यात. पोरगी दिली!"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तू गप," आई म्हणाली.

सासऱ्यांनी लग्नाआधी एकच अट घातली. तशीच पेटी त्यांनाही हवी होती, फक्त आतलं सगळं काढून! ती पेटी पलूसला अजून उत्तम चालते. माझ्या हातचं तेवढंच एक यंत्र चाललं, कारण त्यात मी काहीच बसवलं नव्हतं.