चाकणच्या साइटवरचं माझं नाव

अण्णांनी मला प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो होतो. आठवलं की अजून कानशिलं तापतात, पण पडलो होतो हे खरं.

अण्णा म्हणजे आमचे ठेकेदार. भोसरीतल्या जुन्या घराण्यातले, कारखान्यांच्या शेड बांधून देणारे. मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावातून इंजिनिअर होऊन आलेलो. वडील नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे आणि घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. तीन महिने कंपन्यांच्या गेटवरून परत आलो होतो. अण्णांनी मार्कशीट उघडूनसुद्धा पाहिली नाही. "उन्हात उभा ऱ्हाशील का?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला घेतलं. त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्याबद्दल कुणाला वाकडं बोलू दिलं नाही.

चाकणला एका कंपनीच्या मोठ्या शेडचं काम निघालं. अण्णा म्हणाले, "आकुर्डीला ठेकेदारांसाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा वर्ग हाय. चार रविवार. तू जा. चाकणचं काम तुझ्याच हातात द्यायचंय."

वर्गात बहुतेक जण चाळिशीच्या पुढचे, स्वतःचा धंदा असलेले. निम्मे दर दहा मिनिटांनी फोन घेऊन बाहेर जायचे. सरांनी आम्हाला प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहायला लावलं आणि कुठलं काम कुणासाठी थांबतं त्या क्रमानं भिंतीवर चिकटवायला सांगितलं. मोशीच्या एका ठेकेदारानं पहिली चिठ्ठी लावली, 'नारळ फोडणे'.

सर म्हणाले, "याला किती दिवस धरायचे?"

"आठ धरा सर. नारळ तयार असतो, पाहुण्यांना टाइम नसतो."

"आणि हा पाया कशासाठी थांबलाय?"

"मालकाच्या मेव्हण्यासाठी. वास्तूतलं कळतं त्याला."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण हसता हसता लिहून घेत होतो. एवढी माणसं अंदाजानं करतात ते काम कागदावर मांडता येतं, याचंच मला नवल वाटत होतं. सरांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : ज्या कामाजवळ आपण उभे होतो, त्याच कामाखाली आपली सही.

प्रमाणपत्राच्या दिवशी अण्णा स्वतः आले. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. सरांना म्हणाले, "आमचा पोरगा हाय." प्रमाणपत्राचा फोटो मी गावी पाठवला. आईनं तो मोठा करून घेतला आणि दाराच्या आत, येणाऱ्याला पहिलं दिसेल असा लावला. मूळ कागद अण्णांनी ठेवून घेतला. टेंडरच्या फाइलला लावायचा होता. कंपनीची अटच होती की साइटवर पूर्णवेळ, प्रशिक्षण घेतलेला इंजिनिअर हवा आणि त्याचं नाव आधी कळवायला हवं.

मग चाकणचं काम पुढे ढकललं गेलं. म्हणजे मला तसं सांगितलं गेलं. "कंपनीवाल्यांचं काय तरी अडलंय. दोनतीन म्हयने लागतील. तवर तू भोसरीचं बघ." भोसरीत एका जुन्या वर्कशॉपच्या छपराचे पत्रे बदलायचे होते. मी दिवसभर पत्र्यांवर असायचो आणि खोलीवर आलो की चाकणच्या शेडच्या चिठ्ठ्या भिंतीवर मागेपुढे करत बसायचो. एकशे बारा चिठ्ठ्या झाल्या होत्या. माझ्याबरोबर राहणारा म्हणायचा, "भावा, आता या भिंतीलाच शेड बांध."

एका सकाळी ऑफिसात ड्रायव्हर आला नव्हता. तिथल्या क्लार्कनं मला एक पाकीट दिलं. "लॅबचे रिपोर्ट आहेत, चाकणला गेटवर देऊन ये." कसले रिपोर्ट, तर ओतलेल्या काँक्रीटची ताकद तपासायला जे ठोकळे काढतात, त्यांचे. मी म्हटलं, तिथं अजून काँक्रीट कुठं पडलंय? तो माझ्याकडे बघत राहिला, मग एकदम कामात शिरला.

चाकणला पोचलो तर शेडचे खांब उभे होते. पाया झालेला, कडेनं भिंत चढत होती. हे एका महिन्याचं काम नव्हतं. मी पाकीट हातात घेऊन नुसता चालत राहिलो. पलीकडे अण्णांचा पुतण्या हेल्मेट घालून उभा होता. त्याचा डिप्लोमा शेवटच्या वर्षात अडकला होता. कंपनीचे इंजिनिअर नकाशा घेऊन त्याच्याकडे आले आणि त्यांनी त्याला हाक मारली. माझ्या नावानं. आडनावानं, पुढे 'साहेब' लावून.

"हां सर, बोला ना," पुतण्या म्हणाला.

ते आडनाव कॉलेजात सांगताना मी थोडा अडखळायचो. सांगितल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबून, पुढचा प्रश्न बदलून विचारायचा. पुतण्यानंही पहिल्या दिवशी तेच केलं होतं. आणि आता तो त्याच नावाला सहज ओ देत होता. त्यानं मला पाहिलं. हात वर करून 'थांब' अशी खूण केली आणि नकाशात बघत राहिला. मी पाकीट गेटवर ठेवून निघून आलो.

संध्याकाळी अण्णांसमोर उभा राहिलो. चिडायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते असं : "अण्णा, माझं काय चुकलं का?"

"चुकलं कुटं? तू घरचाच हायेस. एक काम त्याच्या हाताखालनं जाऊ द्यायचं व्हतं. पोराला कुटं तरी लावाया नगं?"

"पण माझ्या नावानं?"

"आरं, कागदाला नाव लागतंय. नाव वापरलं म्हून झिजतंय का? तुझा पगार थांबला का? न्हाई ना?"

मग त्यांनी ड्रॉवरमधून कागदांचा गठ्ठा काढला. रोजच्या कामाचे अहवाल. "बरं झालं आलास. ह्याच्यावर सह्या करून टाक. कंपनी तपासायला मागतीय."

मी पेन घेतलं. हे लिहायला लाज वाटते, पण पहिल्या तीन कागदांवर मी सह्या केल्या. चौथा कागद पायाच्या काँक्रीटचा होता. तारीख वाचली. त्या दिवशी मी गावी होतो, बहिणीच्या साखरपुड्याला. रजा अण्णांनीच दिली होती, स्वतः होऊन, दोन दिवस जास्तीची. तेव्हा मी भरून येऊन आईला सांगितलं होतं की असा मालक मिळायला नशीब लागतं.

मी पेन ठेवलं. सही केलेले तीन कागद उचलून घडी घातली आणि खिशात टाकले.

"काय करतूयास?"

"मी तिथं नव्हतो अण्णा."

"उपकार इसरू नगंस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

कंपनीच्या इंजिनिअरना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. ते म्हणाले, "मला अंदाज होता हो. सगळीकडे असंच चालतं, प्रमाणपत्र एकाचं आणि माणूस दुसरा. फाइल पूर्ण होती, काम चालू होतं. तुम्ही कशाला त्रास करून घेता?" म्हणजे ऑफिसातल्या क्लार्कपासून कंपनीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आकुर्डीत चार रविवार बसून शिकलेल्या माणसाला.

मग मी पत्र लिहिलं. या साइटवर मी एकही दिवस काम केलेलं नाही, इथल्या कुठल्याही कागदावर माझी सही धरू नये. मराठीत एक, इंग्रजीत एक. चाकणला जाऊन कंपनीच्या आवक टेबलावर दिलं. तिथल्या बाईंनी खालचं नाव वाचलं.

"हे साहेब तर आत मीटिंगला बसलेत. तुम्ही त्यांचे कोण?"

"मीच तो," मी म्हटलं. "पत्रात तेच आहे."

त्यांनी पत्र वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, आत जाणाऱ्या दाराकडे पाहिलं, दोन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि एक माझ्या हातात दिली. "जपून ठेवा," हळूच म्हणाल्या.

मी बस स्टॉपपर्यंत पोचायच्या आत अण्णांचा फोन आला. "उद्यापासनं येऊ नगंस."

"बरं, अण्णा," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला होता तरी मी तो तसाच कानाशी धरून उभा होतो. आईला भिंतीवरच्या त्या फोटोचं काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.